आई-बाबा इंदूरच्या घरातच राहणार असतील, तर घरात नेमकं काय बदलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ७६ वर्षांच्या, बाबा ८१ चे. दोघंच रामबागेतल्या जुन्या घरात तळमजल्यावर राहतात, वर भाडेकरू आहेत. पावसाळ्यात आई बाथरूममध्ये घसरल्या, उजवं मनगट मोडलं, आता प्लास्टर निघालं आहे. भाऊ म्हणतो दोघांना पुण्याला घेऊन या. बाबा म्हणतात, मी हे घर सोडणार नाही. तुम्ही दिवाळीला दहा दिवस येताय आणि तेवढ्यात घर ‘सेफ’ करून जायचंय, म्हणून काय काय आणायचं त्याची यादी मागितली आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला स्वतःची अंघोळ, स्वयंपाक, उठबस पुन्हा जमावी यासाठी जे करावं लागतं ते माझं काम, आणि त्यातलं बरंचसं इंदुरात लोकांच्या घरी जाऊनच होतं. यादी लगेच देता येईल. पण ती घेऊन तुम्ही सियागंज आणि दवा बाजार पालथा घातलात, तर रिक्षा भरून सामान येईल आणि रंगपंचमीपर्यंत त्यातलं निम्मं माळ्यावर गेलेलं असेल. म्हातारी माणसं घरात वाट्टेल तिथे पडत नाहीत. त्यांच्या दिवसातल्या दोन-तीन वाटा ठरलेल्या असतात. रात्री पलंगावरून संडासात, पहाटे मोटर लावायला, अंघोळ करून ओल्या पायांनी देवघराकडे. घाईच्या वेळाही ठरलेल्या. मी बघितलेल्या घरांत बहुतेक जण याच वाटांवर पडले आहेत. तेव्हा तुमच्या आई-बाबांच्या वाटा कोणत्या, हे कळेपर्यंत पाकीट उघडू नका.

आल्यावर पहिले दोन दिवस नुसतं बघा. दोन अशासाठी की आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आणि नळाच्या दिवशीचं घर वेगळं असतं. पुण्यात राहून तुम्ही हे विसरला असाल. बाबा किती वाजता उठतात, उठल्या उठल्या चष्मा लावतात का, मोटरचं बटण कुठे आहे, हौदाचं झाकण कोण उचलतं, पाइप चौकातून कसा आडवा जातो, भरलेल्या बादल्या कुठे ठेवतात, आणि मुख्य म्हणजे वरची टाकी भरली की नाही हे बघायला जिना कोण चढतं. ८१ वर्षांचा माणूस अंधारात, ओल्या स्लीपरने, लोखंडी शिडीवरून टाकीत डोकावतोय, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता बाथरूमच्याही आधी मी टाकी विचारते.

याचा इलाज सोपा आणि स्वस्त आहे. पाण्याच्या पातळीवर मोटर आपोआप चालू-बंद करणारा लेव्हल कंट्रोलर महाराणी रोडवर मिळतो, इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात बसवतो. नुसता बोलणारा अलार्म, तो ‘पानी की टंकी भर गई है’ म्हणणारा, लावला तर मोटर बंद करायला बाबा धावत जाणार, म्हणजे आपण घाई विकत आणली. कंट्रोलरच घ्या. मोटरचं बटण चौकातून उचलून आतल्या पॅसेजमध्ये, खांद्याच्या उंचीवर आणा. त्याच इलेक्ट्रिशियनकडून मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का ते तपासून घ्या, नसेल तर बसवा. ओले पाय आणि टिल्लू पंप यांची गाठ पडते त्या घरात ते हवंच. पाणी तापवायचा रॉड दिसला तर न विचारता बाहेर काढा. पाइप जमिनीवरून न नेता भिंतीला क्लॅम्प करून कायमचा टाकून घ्या. साठवणीचे ड्रम बाथरूममध्ये असतील तर ते बाहेर. त्यांनी जागा अडते आणि त्यातून पाणी काढताना रोज वाकावं लागतं.

आता पैसे कुठे जास्त घालायचे याबद्दल. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. घरातले धोके कमी केल्याने पडण्याचं प्रमाण साधारण २६ टक्क्यांनी घटतं असं त्यात दिसलं. पण जे आधीच पडले होते किंवा ज्यांना रोजच्या कामात मदत लागत होती त्यांच्यात ही घट ३८ टक्के होती, आणि धडधाकट म्हाताऱ्यांच्या घरात काहीच फरक पडला नव्हता. आई पहिल्या गटात मोडतात. बाबा कोणत्या गटात, ते बघायला त्यांना हात असलेल्या खुर्चीवर बसवा, समोर ३ मीटरवर खडूने रेघ मारा. उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर त्यांनाही पडण्याचा धोका आहे असं धरा. वळताना चार-पाच बारीक पावलं टाकत असतील, भिंतीला हात लावत असतील, तर सेकंद कितीही येवोत.

बाथरूमकडे वळू. आई जिथे घसरल्या तिथे उभं राहून विचारा, ‘तेव्हा हाताने काय धरलंस?’ उत्तर बहुधा टॉवेलचा दांडा, नळ किंवा बादलीची कडी असं येईल. तोल गेला की हात जिथे जातो तीच ग्रॅब बारची, म्हणजे धरायच्या दांड्याची, जागा. बाजारातली चोषकाने भिंतीला चिकटणारी हँडल्स घेऊ नका. महिनाभर छान दिसतात आणि ज्या दिवशी खरा भार येतो त्या दिवशी निघून हातात येतात. स्टेनलेस स्टीलचा, साडेतीन-चार सेंटीमीटर जाडीचा, मुठीत मावणारा बार घ्या. बार आणि भिंत यांच्यात चार सेंटीमीटरची फट हवी. कमी असेल तर बोटं नीट बसत नाहीत. फार जास्त असेल तर कोपर आत अडकतं.

कमोडच्या बाजूला आडवा बार जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटीमीटरवर, असा पुस्तकी नियम. आई पाच फुटांच्या आतल्या असतील तर थोडा खाली. त्यांना प्रत्यक्ष बसवून, उठायला लावून, हात जिथे टेकतो तिथे पेन्सिलची खूण करा, मग मिस्त्रीला बोलवा. आणि कोणत्या बाजूला हा प्रश्न तुमच्या घरात महत्त्वाचा आहे. मोडलेलं मनगट उजवं. ते पूर्ण ताकदीचं होईपर्यंत उठताना ओढ डाव्या हातावर येणार, म्हणजे बार डावीकडे हवा. डावीकडे भिंत नसेल तर जमिनीला बोल्ट करून उभा राहणारा बार मिळतो. दुसरा उभा बार बाथरूमच्या दाराशी, आत शिरताना चौकटीजवळ.

भिंतीबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथेच सगळे फसतात. रामबाग-नारायण बागेकडच्या जुन्या घरांत भिंती चुन्यात बांधलेल्या, विटा मऊ, आणि बाथरूम मागाहून काढलं असेल तर त्याची आडभिंत साडेचार इंचाची. अशा भिंतीत प्लास्टिकचा गट्टू ठोकून स्क्रू पिळला की तो बार दाखवण्यापुरता. भिंतीच्या पलीकडची बाजू मोकळी असेल तर आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी लावायला सांगा. ते जमत नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून त्यात बोल्ट पक्का करणं. टाइलवर आधी नाण्याने टकटक करून बघा. पोकळ वाजली तर तिथे भोक नको. काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी मिस्त्रीलाच दोन्ही हातांनी बार धरून पूर्ण अंग मागे टाकायला लावा. तो कचरला तर पैसे द्यायचे नाहीत.

फरशी कोटा दगडाची असेल तर ती कोरडी असताना उत्तम आणि साबणाच्या पाण्यात वाईट. फोडून नवी घालायची गरज बहुधा नसते. अंघोळीच्या जागेवर छिन्नीने टाके मारून ती खरबरीत करून घेता येते, किंवा खडबडीत अँटी-स्किड टाइल वरून बसवता येते. फक्त वरून बसवल्यावर दाराशी उंबरठ्यासारखी नवी पायरी तयार होत नाही ना आणि मोरीकडचा उतार राहतो ना, एवढं बघा. रबराच्या मॅट मला आवडत नाहीत. खालून शेवाळ धरतात, आणि खडबडीत फरशीवर त्यांचे चोषक चिकटतच नाहीत. तेल-साबणाचा चिकट थर मात्र आठवड्याला ब्रशने काढलाच पाहिजे. ते काम मोलकरणीला वेगळे पैसे देऊन ठरवून टाका, आईंनी वाकून करायचं नाही.

तुम्ही दिवाळीत येताय म्हणून आत्ताच सांगते: नरक चतुर्दशीची पहाट. अंधार, अंगाला तेल, वर उटणं, सगळ्यांना पहिली आंघोळ करायची घाई आणि फरशीवर तेलाचं पाणी. या वर्षी आई-बाबांचं अभ्यंग बाथरूमबाहेर खुर्चीवर बसवून करा, तळपायांना तेल लावू नका, आणि बाकीच्यांच्या आधी त्यांची आंघोळ उरका.

आंघोळ बसूनच. पण पाट किंवा बुटकं स्टूल नको. त्यावरून उठताना सगळा जोर गुडघ्यांवर आणि मनगटावर येतो. दवा बाजारात रबरी बूट लावलेलं, उंची कमी-जास्त होणारं बाथ स्टूल मिळतं. पाठ आणि हात असलेलं घ्या. साधी प्लास्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर पाय फाकवते. बादलीही जमिनीवर न ठेवता फूटभर उंच ओट्यावर, म्हणजे तांब्या भरायला वाकावं लागत नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. गिझरचा काटा ५० अंशांच्या वर नको. ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर काढून पाइपने पाणी आत घ्या, ही गोष्ट उद्यावर टाकू नका.

संडास भारतीय पद्धतीचा असेल आणि बाबा ‘मला कमोड जमत नाही’ म्हणत असतील तर वाद घालू नका. त्यावर ठेवायचा कमोड-स्टूल आणून रात्रीपुरता वापरायला सुचवा. हिवाळा लागला, गुडघे आखडले की तेच दिवसाही वापरू लागतील. पक्का कमोड बसवताना बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटीमीटर. दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडतं करून घ्या. आत पडलेलं माणूस दाराला अडून बसलं तर ते ढकलून उघडता येत नाही, आणि ढकललं तर त्यालाच लागतं. वरची कडी काढून टाका. लाज वाटते म्हणतील, तर दाराबाहेर खुंटीवर रंगीत नॅपकिन अडकवायचा: नॅपकिन दिसला की आत कोणीतरी आहे.

रात्रीची वाट. ही एकदा स्वतः चालून बघा, दिवे बंद करून, बाबांच्या पलंगावरून. साठीच्या डोळ्याला विशीतल्या डोळ्याच्या साधारण तिप्पट उजेड लागतो, त्यामुळे तुम्हाला जिथे ‘ठीक दिसतंय’ तिथे त्यांना काळोखच असतो. झिरोचा बल्ब पुरत नाही. पायाच्या पातळीवर, हालचाल झाली की लागणारे सेन्सरचे एलईडी दिवे घ्या: एक पलंगाखाली, एक पॅसेजमध्ये, एक संडासाच्या दाराशी. डोळ्यांवर झगझगीत येणारा दिवा नको. आणि वाटेतली पायपुसणी उचला. जुन्या साडीची, चादरीची, आईंनी हाताने शिवलेली का असेनात. गुळगुळीत फरशीवर ती पायाखालून सरकतात. बाथरूमच्या दाराशी एक हवंच, ते जड, रबरी तळाचं, चारही कोपरे जमिनीला चिकटलेलं.

पलंगाची उंची बघा. जुना सागवानी पलंग आणि त्यावर दोन गाद्या असल्या की आईंचे पाय लोंबकळतात, मग उतरताना त्या सरकत खाली येतात. कडेवर बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. एक गादी काढली की बहुतेक वेळा काम होतं. चष्मा, पाणी आणि मोबाइल हात पुरेल असे.

आता जे कुठल्याच दुकानात मिळत नाही ते. सकाळी पलंगावर पडल्या पडल्या दोघांचा रक्तदाब मोजा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर रात्री उठताना डोळ्यांपुढे येणारी अंधारी कुठून येते ते कळलं. हे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या आणि सोबत सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. झोपेच्या गोळ्या, लघवी साफ होण्याच्या, प्रोस्टेटच्या, रक्तदाबाच्या. यातलं काय कमी करता येईल, कोणती गोळी कोणत्या वेळी घ्यावी, हे त्यांना विचारा. स्वतःहून कोणतीही बंद करू नका. अल्प्राझोलाम-क्लोनाझेपामसारख्या गोळ्या आपल्याकडे वर्षानुवर्षं ‘थोडी झोपेची’ म्हणून चालू राहतात आणि त्या एकदम तोडल्या तर वेगळा त्रास होतो.

आईंच्या मनगटाबद्दल मला काळजी वाटते ती वेगळीच. उभ्या उंचीवरून पडून ७६ व्या वर्षी मनगट मोडणं म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याची खूण. प्लास्टर निघालं की घरच्यांच्या लेखी विषय संपतो, आणि पुढचा फ्रॅक्चर खुब्याचा होऊ शकतो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि हाडांसाठीचं औषध सुरू करायचं का, हेही विचारा. तुमच्या दहा दिवसांत एकच गोष्ट होणार असेल तर बारच्याही आधी मी ही करीन.

डोळ्यांचं लवकर सांगते. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची पद्धत केव्हाच मागे पडली, आता लवकर काढून घ्यावा. आणि बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याने खाली बघताना पायरी धूसर दिसते. दारापुढच्या ओटल्याच्या पायऱ्यांसाठी आणि फिरायला दूरच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा करून घ्या.

पायात काय असतं तेही बघा. आपल्याकडे घरात अनवाणी नाहीतर झिजून गुळगुळीत झालेली हवाई चप्पल. मागून पट्टा असलेली, पातळ पण खरखरीत तळाची सँडल घरात वापरायला लावा. देवघरापाशी चप्पल चालणार नाही, हे उघड आहे. म्हणून बाथरूम ते देवघर ही वाट कोरडी ठेवायची. दारातच बसायला खुर्ची, तिथे पाय पुसूनच पुढे.

देवघराला मी स्वतंत्र जागा देते, कारण बायका तिथे ज्या कसरती करतात त्या कोणी मोजत नाही. खाली मांडी घालून बसणं जमत असेल तर ते चांगलंच, पण उठताना धरायला शेजारी जड, न हलणारं काहीतरी हवं. जमत नसेल तर देवघर टेबलाच्या उंचीवर घ्या आणि पुढे खुर्ची. समईच्या तेलाचे थेंब फरशीवर पडतात, तिथे ताट ठेवा. पदर आणि गाऊनची लोंबणारी बाही निरांजनापासून लांब राहील अशी जागा. आणि वरच्या फळीवरचं गंगाजल, दिवाळीचं चांदीचं सामान, लोणच्याच्या बरण्या, सगळं खांदा ते कंबर या पट्ट्यात खाली आणा. ‘वर्षातून एकदाच तर काढते’ ते काढायलाच स्टुलावर चढतात. उन्हाळ्यात पापड-कुरडया गच्चीवर वाळत घालायचं कामही वरच्या भाडेकरूंच्या मुलीला सोपवा. बदल्यात त्यांना डबा भरून पापड गेले की तीही खूश.

ओटल्याच्या तीन पायऱ्यांवर लोक मला रॅम्प विचारतात. एक इंच चढायला एक फूट लांबी, म्हणजे १:१२ असा हिशेब आहे. सात-सात इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे २१ फूट रॅम्प. रामबागेच्या गल्लीत तो समोरच्यांच्या दारात जाऊन थांबेल. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना रेलिंग, वर आणि खाली पायरीच्या पुढे फूटभर निघणारं, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी.

एवढं सगळं केलं तरी पाय मजबूत नसतील तर माणूस पडतोच. तोल आणि ताकदीच्या व्यायामाने पडणं साधारण एक चतुर्थांश कमी होतं, हेही कॉक्रेनच्याच २०१९ च्या आढाव्यात आहे. नुसतं बागेत फिरणं पुरत नाही. हात न लावता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणं, ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहणं. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा. पडल्यानंतर भीतीने चालणं बंद करणं हे आई आत्ता करत असणार. त्याने पाय आणखी लेचेपेचे होतात.

पडल्यावर काय, याची तयारीही घरातच करायची. तासाहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहिलं की मार लागलेला नसतानाही तब्येत बिघडते. वायरलेस डोअरबेलचा जोड आणा. बटण संडासात कमोडच्या बाजूला जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे पडल्या जागेवरून हात पोचेल असं, आणि घंटा वरच्या भाडेकरूंकडे. भिंती जाड आहेत, म्हणून बसवण्याआधी दार लावून वाजवून बघा. एक किल्ली त्यांच्याकडे, एक शेजारी. मुख्य दाराला आतून आडणा लावायची सवय असेल तर किल्ली असून उपयोग नाही, लॅचवर भागवायला सांगा.

लागलं नसेल तर उठायचं कसं, हे सतरंजीवर एकदा करून घ्या: कुशीवर वळायचं, कोपरावर, मग दोन्ही हात-गुडघ्यांवर, रांगत पक्क्या खुर्चीपाशी, दोन्ही हात बैठकीवर, बळकट पाय पुढे, उठून वळून बसायचं. आईंचं मनगट बघता त्यांनी हातांच्या पंजांऐवजी कोपरांवर भार घ्यायचा. पण पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, खुब्यात कळ येतेय, तर उभं करायचं नाही, चोळायचं नाही, हाडवैद्य नाही. १०८. खुब्याचं ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हावं लागतं. त्यासाठी दोघांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आत्ताच काढून ठेवा. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट नसलेलं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं हे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आहे. सरकारी नोकरीतली दुसरी योजना असेल तर दोन्हींतली एक निवडावी लागते. ज्येष्ठांची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही फोनमध्ये टाका, सकाळी ८ ते रात्री ८ चालते.

राहता राहिले बाबा. ‘तुमच्यासाठी’ म्हणून बार लावायला गेलात तर ते म्हणणार, घराचं हॉस्पिटल करू नका. कामाचे मुखत्यार त्यांनाच करा. मिस्त्री त्यांच्या ओळखीचा, टाइल त्यांच्या पसंतीची, हिशेब त्यांच्या वहीत. मी बघितलंय की काठीला हात न लावणारे गृहस्थ स्वतः उभं राहून रेलिंगची उंची इंचाने वाद घालून ठरवतात, आणि मग ते रेलिंग वापरतात. काठी घेत नसतील तर तूर्त आग्रह नको. घरात कॅमेरे लावायचे असतील तर त्यांना विचारून, आणि फक्त बैठकीत.

पुण्याचं म्हणाल तर आत्ताच्या स्थितीत मी त्यांना हलवणार नाही. ओळखीच्या घरात अंधारातही पाऊल बरोबर पडतं. नव्या फ्लॅटमध्ये पहिले महिने ते जोखमीचेच. पण गॅस चालू राहणं, घरातल्याच खोलीची दिशा चुकणं, रात्री उठवायला दोन माणसं लागणं, यातलं काहीही दिसू लागलं तर दोघांनाच ठेवणं बरोबर नाही. मग रात्री सोबतीला राहणारी बाई किंवा पुणे, हे ठरवावं लागेल. भावाला म्हणावं, तुझ्याही बाथरूमचं दार बाहेर उघडतं करून बार बसवून ठेव. उन्हाळ्यात महिनाभर दोघं येतील तेव्हा पहिल्या रात्री त्यांना पलंगापासून संडासापर्यंत दिवे लावून दोन वेळा, मग दिवे घालवून एकदा, सोबत चालवून आण.